मूळ फोटो जागेवर आहे

गूगलनं पिकासा बंद करून बरीच वर्षं झाली. १५ मार्च २०१६ नंतर कंपनीनं त्याच्याकडे बघणंच सोडलं. ही बातमी मिरजेला आमच्या मामांच्या घरी अजून पोचलेली नाही. म्हणजे कानावर आली आहे, पण "लेखी काही आलंय का?" असा मामांचा सवाल आहे. मामा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. तोंडी आदेशावर त्यांनी उभ्या नोकरीत साधी टाचणी हलवली नाही, तर अख्खा पिकासा काय हलवणार! त्यांच्या विंडोज सेव्हनवर तो रोज दुसऱ्या चहाच्या सुमारास उघडतो, आणि मौज म्हणजे बिनतक्रार चालतो.

तसे फोटो सांभाळणारे प्रोग्रॅम आता पैशाला पासरी झालेत. एक फोनमध्ये आधीपासून असतो, दुसरा कोणीतरी भाचा-पुतण्या टाकून देतो, तिसरा प्रिंटरच्या सीडीतून आलेला असतो आणि जाता जात नाही. कामं सगळ्यांची तीनच. फोटो सुधारायचा, त्याला नाव द्यायचं आणि ठेवून द्यायचा. आमची आजी ही तिन्ही कामं एक कात्री, एक शिसपेन्सिल आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा एवढ्या सामग्रीवर करायची. संगणक आल्यावर तीच कामं एवढी अवघड का होऊन बसली, याचा मामांच्या शेजारी स्टूल टाकून मी बराच अभ्यास केला आहे. माझं मत असं झालं आहे की या प्रोग्रॅमांचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही. आणि त्यांचं काही चुकत नाही.

पूर्वी विश्वास होता. विंडोजमधला पेंट हा अत्यंत भोळा प्रोग्रॅम. फोटो उघडा, हवा तिथून कापा, सेव्ह दाबा, संपलं. कापलेला भाग गेला तो गेला, पेंट पुन्हा म्हणून त्याचं नाव काढत नसे. शिवाय जेपेगची एक वेगळीच खोड. १९९२ साली ठरलेल्या या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा कळणार नाही असा तपशील टाकून देतात, म्हणून फाइल लहान होते. पण फोटो उघडून, बदलून, परत सेव्ह केला की हा कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून. मामांना दर पाच मिनिटांनी सेव्ह दाबायची कचेरीतली सवय. मामींच्या पैठणीच्या पदरावरचे मोर प्रत्येक सेव्हला थोडे थोडे उडत गेले आणि शेवटी नुसता पदर राहिला. "दुकानदारानं मोराचे पैसे घेतले होते हो," असं मामी अजून म्हणतात.

अशा काळात पिकासा आला. गूगलनं तो २००४ च्या जुलैमध्ये विकत घेतला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. मामांना तो पहिल्याच दिवशी पटला, कारण तो कचेरीसारखा चालतो. मूळ कागदाला हात लावायचा नाही. त्याचं काय करायचं याची टिपणी लिहायची आणि ती नस्तीला लावायची. तुम्ही फोटो कापता, उजळवता, सरळ करता, आणि पिकासा मूळ फोटोला बोटसुद्धा लावत नाही. फोटोंच्या फोल्डरमध्येच पिकासा डॉट आयएनआय नावाची एक चिमुकली फाइल असते, तिच्यात तो नोंद करतो: अमुक फोटो, इथून इथपर्यंत कापावा, उजेड वाढवावा, लाल डोळे काळे करावेत. तुम्ही फोटो उघडला की तो टिपणी वाचतो आणि तसा देखावा तुम्हाला दाखवतो. ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडून मामांना दाखवली. चौकटी कंसात फोटोचं नाव, त्याखाली 'फिल्टर्स बरोबर', मग 'क्रॉप६४' आणि पुढं आकड्या-अक्षरांची एक अगम्य माळ. मामांनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "म्हणजे कापलेला नाही. कापण्याचं प्रस्तावित आहे."

पिकासाचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्या नेमकेपणानं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

आता प्रस्ताव आणि अंमलबजावणी यांच्यात अंतर असतं हे मामांइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी २००९ च्या मुंजीच्या फोटोत गंमत झालीच. मुंज मामांच्या धाकट्याची. मांडवात काढलेला सगळ्या घराण्याचा एकत्र फोटो. डावीकडून मामींचं माहेर, मधे बटू, उजवीकडे आमची भाऊबंदकी आणि अगदी उजव्या टोकाला फेटा बांधलेले अण्णा. अण्णा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. मुंजीनंतर महिन्याभरात शेताच्या बांधावरून दोघांचं वाजलं. मामांनी पिकासात जाऊन फोटोचा उजवा काठ असा काही आत ओढला की अण्णांचा नुसता कोपरा शिल्लक राहिला. मग एक्सप्लोररमधून फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली आणि स्टुडिओत मोठा प्रिंट सांगून आले, लॅमिनेशनसकट.

प्रिंट घ्यायला मी बरोबर गेले होते. मुलानं गुंडाळी उलगडली. बटू, माहेर, भाऊबंद आणि टोकाला अण्णा. पायातल्या कोल्हापुरी चपलांसकट, फेट्याचा तुरा ताठ.

"हे कसे आले?" मामा.

"आले म्हणजे? फोटोत आहेत, काका," मुलगा म्हणाला. "पेनड्राइव्हमध्ये हाच फोटो आहे."

मुलानं त्याच्या स्क्रीनवर फोटो उघडून दाखवला. अण्णा तिथंही होते. टिपणी मिरजेच्या घरात राहिली होती, पेनड्राइव्हवर फक्त मूळ कागद आला होता. मामा काही बोलले नाहीत. पैसे दिले, घरी आले आणि आजीची कात्री काढली. त्या फोटोवर खऱ्या अर्थानं झालेलं पहिलं एडिटिंग ते.

यानंतर मामांनी पिकासातल्या सेव्हचा पाठपुरावा केला, आणि तिथं तर त्यांना कचेरीचा आत्माच सापडला. पिकासात सेव्ह दाबलं की कापलेला फोटो मूळ नावानं बाहेर येतो आणि मूळ फोटो त्याच फोल्डरात, 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपवलेल्या कप्प्यात, तेच नाव घेऊन जाऊन बसतो. बाहेर सत्यप्रत, आत कपाटात मूळ प्रत. उद्या साहेब बदलले, धोरण बदललं, तर रिव्हर्ट दाबायचं. मूळ प्रत बाहेर, झालेली कारवाई रद्द.

एकत्र कुटुंबपद्धती चालवायला याहून चांगली सोय नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्याकडे भांडणं कायमची नसतात. कोणाचं तरी लग्न निघतं, कोणीतरी दवाखान्यात भरती होतं, आणि ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याला पत्रिका द्यायला स्वतः जावं लागतं. आजीनं कात्रीनं उडवलेली माणसं मात्र परत आली नाहीत. तिच्या डब्यात असे काही फोटो आहेत की ज्यांत कोणाच्यातरी खांद्यावर एक परका पंजा तेवढा आहे. अण्णांचं तसं नव्हतं. चार वर्षांनी बांधाचा प्रश्न मिटला, मामांनी रिव्हर्ट दाबलं आणि अण्णा तुऱ्यासकट हजर झाले. पुढं पाटाच्या पाण्यावरून पुन्हा बिनसलं. मामांनी पुन्हा कापून पुन्हा सेव्ह केलं. मनात शंका नव्हती, कारण मूळ कपाटात होतं.

सेव्हच्या शेजारी 'सेव्ह अ‍ॅज', 'सेव्ह अ कॉपी' आणि 'एक्स्पोर्ट' अशी भावंडं असतात. ती का असतात हे समजावून सांगताना मला घाम फुटला होता. सेव्ह अ‍ॅज नाव विचारतो. सेव्ह अ कॉपी विचारत नाही, स्वतःच नावाला शेपूट लावून मोकळा होतो. एक्स्पोर्ट फोटो लहान करून पिक्चर्समधल्या पिकासामधल्या एक्स्पोर्ट्समध्ये नेऊन टाकतो, आणि तिथून तो परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मामांच्या संगणकावर त्या एक्स्पोर्ट्समध्ये सगळं घराणं अर्ध्या आकारात नांदतं आहे. एकंदरीत, फोटो ठेवून द्यायचे चार मार्ग आणि ठेवलेला शोधायचा एकही नाही. पिकासाचा 'आय अ‍ॅम फीलिंग लकी' हा खटका मात्र मामांचा लाडका. एकदा दाबला की उजेड, रंग सगळं आपोआप सुधारतं. मामांनी तो सरसकट सगळ्या फोटोंना लावला. त्यात एक तेराव्याचा फोटोही आहे. तिथं आता सगळे कमालीचे टवटवीत दिसतात.

नावं देण्याचा विषय याहून मोठा, आणि मामांच्या जास्त जिव्हाळ्याचा.

कॅमेरा स्वतः फोटोला जे नाव देतो त्याला नाव म्हणणं अवघड आहे. जपानी कॅमेरेवाल्यांनी आपसात नियम ठरवला: सुरुवातीला चार अक्षरं, पुढं चार आकडे, ०००१ ते ९९९९. कॅननचा 'आयएमजी', निकॉनचा 'डीएससी'. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. म्हणजे घरात कॅमेरा वापरता असेल तर मुलाच्या बारशाचा आणि त्याच मुलाच्या दहावीच्या सत्काराचा फोटो एकाच नावाचे निघू शकतात. दोन्ही एका फोल्डरात आले की विंडोज विचारतं, जुना काढून नवा ठेवू, की जुनाच राहू दे, की दोन्ही ठेवू? आणि आपण घाईत काहीतरी दाबतो. आमच्या घराण्यातली किमान एक साखरपुड्याची पंगत या प्रश्नात वाहून गेली आहे.

मामांनी ठरवलं, प्रत्येक फोटोला रीतसर नाव द्यायचं. पिकासात फोटो निवडून एफ टू दाबलं की नाव बदलता येतं. शंभर फोटो निवडले तर एकच नाव देऊन पुढं क्रमांक लावून मिळतात. मामांनी पहिलं नाव टाइप केलं: 'मुंज १२/५/२००९'. चाललं नाही. विंडोजला फाइलच्या नावात नऊ चिन्हं मुळीच चालत नाहीत. तिरकी रेघ त्यातली एक. मामांनी आयुष्यभर तारखा तिरकी रेघ देऊनच लिहिल्या. त्यांनी अपूर्णविराम देऊन बघितला, तोही त्या नवांतला. शेवटी आडव्या रेघांवर तडजोड झाली. पण खरा पेच पुढं आला. मामींच्या माहेरच्या जुन्या फोटोंत निम्मी माणसं अशी आहेत की त्यांना 'हे कोण?' याखेरीज नाव देता येत नाही. आणि नेमकं प्रश्नचिन्हच विंडोजला वर्ज्य! कोणत्याही मराठी घरातल्या अल्बममध्ये सर्वांत जास्त लागणारं चिन्ह त्यांनी बंद करून ठेवलं आहे. मामांनी त्यावर जो तोडगा काढला तो नोकरीतला सगळा अनुभव पणाला लावून काढला. त्या फोटोंची नावं आता 'हे कोण (चौकशी चालू) ०१', 'हे कोण (चौकशी चालू) ०२' अशी आहेत.

शून्य लावून ०१ लिहायचं शहाणपण टीव्हीनं शिकवलं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की बऱ्याच टीव्हींना १ नंतर १० दिसतो, मग ११, आणि २ चा नंबर कधीतरी नंतर. त्या हिशेबानं आमच्याकडच्या एका लग्नात मंगलाष्टकांनंतर थेट वरात निघाली, मग जेवणं झाली आणि सर्वांत शेवटी वधूवरांची ओळख झाली.

फोल्डरांची नावंही मामांनी पत्रिकेच्या थाटात दिली. 'कौटुंबिक छायाचित्रे', त्यात 'मंगल कार्ये', त्यात 'चिरंजीव अमुक व चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक यांचा शुभविवाह', त्यात 'सीमांतपूजन', त्यात 'व्याही भेट', आणि मग तेवढ्याच लांबीचं फोटोचं नाव. विंडोजची पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. मामांनी ती एकाच लग्नात ओलांडली. ते फोटो दिसतात, पण दुसरीकडे नेऊ म्हटलं तर विंडोज नाव फार मोठं असल्याचं सांगून हात वर करतं. "आडनाव तेवढं काढू का?" मामांनी मला विचारलं, पण मन होईना.

इतर प्रोग्रॅमांना तर आपण दिलेल्या नावाचं फारसं सोयरसुतक नसतं. फोटोशॉप एलिमेंट्स बदललेल्या फोटोला मागून 'एडिटेड-१' जोडतो. डिजीकॅम, हा एक चांगला फुकट प्रोग्रॅम, 'व्ही१' जोडतो. गूगल फोटोजमधून सगळं सामान उतरवून घेतलं तर सुधारलेल्या प्रतीला 'एडिटेड' चिकटून येतं. आयफोनची तऱ्हा आणखी निराळी: संगणकावर उतरवला की एक मूळ फोटो, एक बदललेला, त्याच्या नावात मधेच 'ई', आणि बरोबर 'एएई' शेवटाची एक बारकीशी फाइल, जिच्यात काय काय बदल केले ते लिहिलेलं. ही उघडत नाही, कशाची ते कळत नाही, म्हणून सगळे पुसून टाकतात. टिपणीच ती! मामांना दाखवली तेव्हा त्यांनी ती पुसू दिली नाही.

मामांचा थोरला, म्हणजे माझा मामेभाऊ, लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे लाइटरूम. हा फेब्रुवारी २००७ मध्ये बाजारात आला, आणि पिकासाच्या अविश्वासाचं यानं पार शास्त्र करून टाकलं. यात आपला फोटो आपल्याच फोल्डरात राहतो. लाइटरूम स्वतःचा एक कॅटलॉग ठेवतो आणि प्रत्येक फोटो कुठं आहे, त्याचं काय काय करायचं ते सगळं त्यात लिहितो. फोटो जतन करायचं बटण म्हणून शोधू गेलात तर सापडत नाही. कंट्रोल एस दाबलं तर तो माहितीची नोंद लिहून ठेवतो. सुधारलेलं चित्र हवं असेल तर एक्स्पोर्टच करावं लागतं. मामा एकदा त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "बाळा, यात सही कुठं करायची?"

एका रात्री बाळ झोपल्यावर मामांनी त्याच्या हार्डडिस्कवर नजर टाकली. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोल्डरचं नाव इंग्रजीत, आणि तेही 'वेडिंग न्यू' असं. मामांना ते बघवलं नाही. त्यांनी शुभविवाह, वार, तिथी घालून ते व्यवस्थित केलं आणि समाधानानं झोपले. सकाळी लाइटरूम उघडला तर सगळ्या फोटोंच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह.

"बाबा, काय केलंत?"

"नाव सुधारलं."

"लाइटरूमला न विचारता? त्याला आता फोटो सापडत नाहीयेत!"

"अरे, तिथंच तर आहेत. डोळ्यांसमोर."

"तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. त्याच्या रजिस्टरात जुनं नाव आहे. नाव बदलायचं तर त्याच्या आतून बदलायचं, बाहेरून नाही."

मामांचा चेहरा उतरला. त्यांना फोटो हरवल्याचं दुःख नव्हतं, ते पाच मिनिटांत नवी जागा दाखवून परत जुळलेही. दुःख वेगळंच होतं. "आवक-जावकला नोंद न करता मी नस्ती हलवली," ते मामींना म्हणाले. "हे मी एखाद्या शिपायालासुद्धा करू दिलं नसतं." त्या दिवशी ते जेवले कमी.

फोटो आडवा पडण्याच्या भानगडीतही हीच तऱ्हा. कॅमेरा उभा धरून फोटो काढला तरी आतलं चित्र बहुतेक वेळा आडवंच साठवलेलं असतं. सोबत एक आकडा लिहिलेला असतो, १ ते ८ पैकी, की दाखवताना असा असा फिरवून दाखवावा. जो प्रोग्रॅम हा आकडा वाचतो तो फोटो सरळ दाखवतो, जो वाचत नाही तो नाही. मामांकडच्या टीव्हीला वाचनाची आवड नाही. आमच्या एका भावजयीचा गृहप्रवेश आम्ही सगळ्यांनी माना उजवीकडे टाकून पाहिला. माप तिनं भिंतीवर चालत जाऊन ओलांडलं.

मामींना या कशातच रस नाही. त्यांचे फोटो फोनमध्ये आणि तिथून आपोआप गूगल फोटोजवर. ही सेवा २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाली, तेव्हा थोडी घट सोसायची तयारी असेल तर कितीही फोटो फुकट होते. १ जून २०२१ पासून नव्या फोटोंना १५ जीबीची हद्द पडली, आणि त्यात पुन्हा ईमेलही आलं. इथंही सुधारलेल्या फोटोमागं मूळ फोटो सांभाळलेला असतो, हवा तेव्हा परत मिळतो. फक्त एक ध्यानात ठेवावं लागतं: फोनमधली जागा मोकळी करायला त्याच अ‍ॅपमधून फोटो पुसला तर तो वरूनही जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस बिनमध्ये मिळतो, नंतर नाही. चेहरे ओळखून माणसांचे गठ्ठे लावायचं कामही हे अ‍ॅप करतं, आणि शंका आली तर नम्रपणे विचारतं. एकदा त्यानं मामींचा लग्नाआधीचा स्कॅन केलेला फोटो आणि परवाचा भिशीतला फोटो शेजारी शेजारी मांडून विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? मामींनी दोन्ही बराच वेळ न्याहाळले आणि 'वेगळी' दाबलं. तेव्हापासून गूगलच्या दप्तरी मामी दोन आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. तिथून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, कॅमेऱ्यानं आत लिहिलेली माहिती गळून पडते, आणि नावात तारीख येते ती फोटो काढल्याची नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या देवाणघेवाणीची. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकमेव फोटो आमच्या ग्रुपवर स्कॅन होऊन २०१९ च्या मे महिन्यात आला. सगळ्यांच्या फोनवर त्यांचं लग्न अजूनही तेव्हाच लागतं, म्हणजे पणतूच्या पहिल्या वाढदिवसानंतर.

मागच्या दिवाळीत धाकट्यानं मामांना नवा लॅपटॉप आणून दिला. सगळी फोल्डरं त्यावर उतरवली, पिकासा मात्र घातला नाही. मामांनी फोटो उघडले आणि वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात नाहीशी झालेली दिसली. सरळ केलेले मांडव पुन्हा कलले, लाल डोळे पुन्हा लाल झाले. टिपण्या बरोबर आल्या होत्या, वाचणारा कारकून आला नव्हता. एकच गोष्ट टिकली. पिकासात फोटोच्या खाली ओळ लिहायची सोय होती. मामांनी ती इमानानं भरली होती: 'डावीकडून दुसऱ्या काकू, नंतर वारल्या', 'हा कुत्रा पाटलांचा'. ही ओळ पिकासा बाहेरच्या टिपणीत ठेवत नसे, जेपेगच्या पोटात, वृत्तसंस्थांनी अशा ओळींसाठी ठरवून दिलेल्या जागी लिहीत असे. तिथून ती कोणताही धड प्रोग्रॅम वाचतो. आजी फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं जे लिहायची तेच हे, आणि शेवटी तेवढंच राहिलं.

मुंजीचा तो फोटोही उघडला. तो सेव्ह केलेला होता, म्हणजे कापलेला. अण्णांचा कोपरा तेवढा दिसत होता. मामा निर्धास्त होते. पिकासाओरिजिनल्सचा कप्पा उघडायला सांगितला. कप्पा नव्हता. चौकशीत निष्पन्न झालं ते असं: धाकटा कॉलेजात असताना ८० जीबीची डिस्क भरली, म्हणून त्यानं एकाच नावाचे दोन-दोन फोटो शोधले आणि जोडीतला जो आकारानं मोठा, तो उडवला. मोठा तोच मूळ होता. एवढ्या प्रोग्रॅमांनी एवढ्या युक्त्या करून जो फोटो आपल्यापासून वाचवला, तो घरातल्याच माणसानं जागा होत नाही म्हणून काढून टाकला. तरी मी म्हणत होते, त्यांचा विश्वास नाही यात नवल नाही.

पाण्याचा प्रश्न आता मिटला आहे. येत्या मार्गशीर्षात अण्णांचा अमृतमहोत्सव आहे आणि दोघा भावांचा एकत्र असा दुसरा फोटो घरात नाही. तरी २००९ च्या मे महिन्यात मिरजेच्या त्या मुंजीला जे कोणी आले होते आणि ज्यांच्याकडे मांडवातला मोठा फोटो असेल, त्यांनी तो कृपया पाठवावा. उजव्या टोकाला फेटा दिसतोय ना, एवढं आधी बघून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे आहे तसा येतो. आणि नाव बदलू नका. ते मामा बदलतील.